उठताना झटकन, बसताना सावकाश

भुईगाव, ता. वसई
१४ जानेवारी २००३

लूर्डस,

तुझ्या लेकाचं, कॅल्विनचं, नाताळचं कार्ड मिळालं. पाकिटावर तुमचा कॅनडाचा पत्ता होता, म्हणून लिहिते आहे. अकरा वर्षांनी धाकट्या बहिणीला लिहिताना मायना काय घालावा ते सुचेना, तेव्हा नुसतं नाव घातलं. शाळेत असते तर मुलांचा यासाठी एक मार्क कापला असता.

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं होतील. घरात एकटीच असते. शेजारची मटिल्डा दिवसातून एकदा डोकावते. वाडी तिच्या मुलांना करायला दिली आहे. नारळ आणि थोडी केळी आहेत, पानवेल गेली.

अक्षर वाईट आलं आहे त्याकडे दुर्लक्ष कर. नोव्हेंबरात उजवं मनगट जरा मुरगळलं. विशेष काही नाही.

आई गेल्यापासून दर ऑगस्टात तिच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा देते. चिठ्ठीवर तुझंही नाव घालते.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आग्नेस


९ मार्च २००३

लूर्डस,

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली होती, ती दुरुस्त करते.

मनगट मुरगळलं ते मी पडले म्हणून. सकाळच्या मिस्साहून आले, पाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि ओल्या लादीवर घसरले. हाड मोडलं नाही. मनगट सुजलं, ढोपर खरचटलं, एवढंच. पण मला उठता येईना. दुखणं सहन करण्यासारखं होतं. पायांत उठायचं बळच नव्हतं. नळाला धरून चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा अर्ध्यावर येऊन परत खाली बसले. छत्तीस वर्षं वर्गात मुलांना ‘उभे राहा’ म्हणत आले, ते डोक्यात येऊन हसूही आलं. मग हसू गेलं. आठ वाजता पडले होते. बाराला मटिल्डा ताजे बोंबील द्यायला आली म्हणून सापडले. चार तास ओल्यात बसले होते. बाकी काय झालं असेल ते तू नर्स आहेस, सांगायला नको.

त्यानंतर महिनाभर मी खुर्ची सोडली नाही. मटिल्डा म्हणायची, “आग्नेसबाय, बसून राहा, मी देते हातात.” ती मायेनेच म्हणायची. मीही बसून राहिले. न्हाणीघरात जायची भीती वाटायची म्हणून पाणी कमी प्यायचे.

जानेवारीत, तुला ते पहिलं पत्र टाकल्यावर, वसईच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मनगट पाहिलं आणि म्हणाले, “हे बरं होतंय. आता हाताची घडी घाला आणि खुर्चीवरून उठून दाखवा.” मला उठता आलं नाही. ते म्हणाले, “मला काळजी याची आहे. पुढच्या वेळी पडलात तर खुबा मोडेल.”

मी म्हटलं, “वय झालं, डॉक्टर. सदुसष्ट.”

“वय झालं म्हणूनच सांगतोय. तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये बॅप्टिस्ट नावाचे गृहस्थ व्यायामाचा क्लास घेतात, तिथे जा. आमची फिजिओथेरपिस्ट विनया तिथे महिन्यातून एकदा येऊन सगळ्यांना तपासते.”

बॅप्टिस्ट म्हणजे गास गावचा. रेल्वेच्या वर्कशॉपात होता, स्पर्धांत रेल्वेच्या संघाकडून वजनं उचलायचा. आता साठीचा आहे. मान अजून खांबासारखी आहे. मी त्याला म्हटलं, “मला हलके हातपाय हलवायचे व्यायाम दे, बाबा.” तो म्हणाला, “बाई, ते तुम्ही घरी करा. इथे जोराचा व्यायाम आहे.”

मी जाते आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. कोणी विचारलं तर चर्चमध्ये जाते म्हणून सांगते. ते खोटं नाही.

आग्नेस


२२ जून २००३

लूर्डस,

कॅल्विनचं पत्र आलं. त्याचं मराठी तुझ्या माझ्या मराठीपेक्षा स्वच्छ आहे, हे त्याला सांग. त्याने लिहिलंय की तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. गुडघे चांगले बसलेत, पण तू टीव्हीच्या खोलीतून बाहेर पडत नाहीस, आणि उठायचं झालं की त्याला हाक मारतेस. माझी पत्रं तू दोनदा वाचतेस आणि काही बोलत नाहीस, असंही लिहिलंय. त्याच्यावर रागावू नको. मला कळलं ते बरं झालं.

आता क्लासमध्ये काय चालतं ते लिहिते. तुला उपयोग होईल म्हणून लिहीत नाही. मला सांगायला दुसरं कोणी नाही.

आम्ही चौदाजण आहोत, अकरा बायका आणि तीन पुरुष. पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, जणू आमच्याबरोबर नाहीतच. पहिल्या दिवशी बॅप्टिस्टने पाण्याची बादली उचलून दाखवली आणि म्हणाला, “ही उचलणं म्हणजे ताकद. आता बघा.” त्याने स्वतःलाच मुद्दाम एका बाजूला झोकलं आणि पडायच्या आत पाय टाकून सावरलं. “हा जोर. ताकद आहे पण ती वेळेवर पोचत नाही, असं म्हाताऱ्या माणसाचं होतं. घसरताना आपल्याला किती वेळ मिळतो? एक म्हणायला लागतो तेवढासुद्धा नाही. वयाबरोबर ताकद जाते, पण जोर तिच्याआधी जातो. म्हणून आपण नुसतं वजन वाढवणार नाही. हलकं वजन घेणार आणि झटकन हलवणार.”

मुख्य व्यायाम खुर्चीचा. हाताची घडी घालून उठायचं. उठताना झटकन, बसताना मनात तीन मोजत सावकाश. मला पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. त्याने खुर्चीवर दोन उश्या ठेवल्या, तेव्हा त्या उंचीवरून जमलं. तीन आठवड्यांनी एक उशी काढली. ईस्टरच्या आठवड्यात दुसरी काढली.

जुन्या जीन्सच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यात रेती भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिवणाचं मशीन माझ्याकडे आहे. त्या घोट्याला बांधून पाय मागे आणि बाजूला उचलायचा. आधी अर्धा किलो, आता दीड. हॉलच्या पायरीवर एका दमात चढायचं आणि बेताने उतरायचं. रेतीचा एक चेंडूही आहे, तो छातीपासून समोरच्याकडे फेकायचा. माझ्यासमोर मटिल्डा असते. हो, तिलाही ओढून नेलं. तिने पहिल्यांदा फेकला तो खिडकीबाहेर मोगऱ्यात जाऊन पडला. फादर तिथेच उभे होते. त्यांनी चेंडू उचलून आत दिला.

दर आठ-दहा वेळांनंतर बसून श्वास घ्यायला लावतो. श्वास कोंडू देत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथल्या तिथे थांबायचं, हा त्याचा नियम आहे. विनया रक्तदाब बघते. माझा वाढलेला होता, तेव्हा तिने पंधरा दिवस मला बसवून ठेवलं. मी चिडले. चिडले याचं मलाच आश्चर्य वाटलं.

फेब्रुवारीत एकदाही न जमणारं उठणं परवा लागोपाठ पाच वेळा केलं. बॅप्टिस्टने घड्याळ लावलं होतं. चौदा सेकंद. तो म्हणतो बाराच्या आत यायला हवं. मी बसची पायरी आता दांडा न ओढता चढते. एस.टी.चा कंडक्टर अजून सवयीने माझा दंड धरायला येतो.

तू आईच्या वेळी हेच सांगत होतीस. उठव तिला, चालव तिला. मला आठवतं.

आग्नेस


२९ जुलै २००३

लूर्डस,

आज सकाळी एक गोष्ट घडली. घडली नाही असंच म्हणायला हवं. तरी मी लगेच लिहायला बसले आहे.

मागच्या दारी विहिरीकडे जाताना फरशीवर शेवाळ धरलंय. मला माहीत होतं, तरी गेले. डावा पाय सटकला. काही कळायच्या आत उजवा पाय पुढे जाऊन टेकला होता आणि मी उभी होते. हातातला तांब्या लांब गेला. मी पाय टाकला असं मला आठवत नाही. पाय आपणहून आला.

मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसले आणि पुष्कळ वेळ बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते हे, की आईचाही पाय आला असता.

आता मी लिहिते ते नीट वाच. दोनदा वाचायची गरज पडणार नाही.

एक्याण्णवच्या डिसेंबरात तू मस्कतच्या नोकरीवरून रजेवर आलीस, दुपारी टॅक्सीतून उतरून सरळ आत गेलीस, आणि आई खुर्चीला लुगड्याने बांधलेली पाहिलीस. मी शाळेतून आल्यावर तू विचारलंस. मी म्हटलं, आज शाळेची तपासणी होती, यायला उशीर होणार होता, म्हणून आजच्या दिवसापुरतं बांधलं. तू मटिल्डासमोर म्हणालीस, “तू तिला मारते आहेस.” मी म्हटलं, “मग ने तिला मस्कतला.” तू ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी गेलीस. आपलं शेवटचं बोलणं तेच.

ते त्या एका दिवसापुरतं नव्हतं.

आई एकोणनव्वदमध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, ते तुला माहीत आहे. डॉक्टरांनी चालवायला सांगितलं होतं. सहा महिने मी चालवलं. मग नव्वदच्या पावसाळ्यानंतर एक दिवस मी शाळेतून आले, तर ती पडवीच्या दारात उभी होती. पलंगापासून तिथवर एकटी आली होती. खांबाला एक हात, दुसरा मोकळा. मला बघून हसली आणि म्हणाली, “चहा मी करते आज.”

ती पडली नव्हती, लूर्डस. ती उभी होती. आणि मी तिच्यावर ओरडले. कामवालीवर कोणी ओरडणार नाही तसं ओरडले. मला तिच्या जागी ती फरशीवर पडलेली दिसत होती, मी पाच मैलांवर शाळेत, घरात कोणी नाही. दुसऱ्या दिवसापासून निघताना मी तिला बांधायला लागले. साडेदहा ते साडेपाच. दुपारी मटिल्डा येऊन सोडायची, जेवण द्यायची आणि मी सांगितलं होतं म्हणून परत बांधायची. पहिले काही दिवस आई गाठ सोडायला बघायची. मग मी गाठ मागे घेतली.

तू पाहिलंस तेव्हा त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तू गेल्यावरही मी थांबवलं नाही. तुझ्यावरचा रागही त्यात होता. ब्याण्णवच्या पावसाळ्यापर्यंत तिला स्वतःहून उठताच येईना. मग बांधायची गरज उरली नाही. पुढच्या ऑगस्टात ती गेली.

लोक म्हणतात, आग्नेसने आईसाठी लग्न केलं नाही, आईचं सगळं केलं. फादर मयताच्या वेळी वेदीवरून म्हणाले. मी ऐकून घेतलं.

मला तेव्हा माहीत नव्हतं असं लिहिणार होते. ते पूर्ण खरं नाही. तू सांगितलं होतंस, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती बसलेली असली की मला शिकवता येत होतं.

आज मंगळवार आहे. क्लास सहाला आहे. मी जाणार आहे.

आग्नेस


५ ऑक्टोबर २००३

प्रिय लूर्डस,

तुझं पत्र काल आलं. अकरा ओळी. मी मोजल्या, ती सवय जात नाही.

तू लिहितेस की तुला तेव्हाच कळलं होतं. खुर्चीच्या पाठीवर गाठ घासून पॉलिश गेलेलं तू पाहिलंस, आणि एका दिवसात पॉलिश जात नाही. आईच्या कमरेवरचा वळही जुना होता, असं लिहितेस. मी ती खुर्ची मयतानंतर फोडून चुलीत घातली, त्यामुळे आता पाहता येत नाही. पण तू म्हणतेस म्हणजे असेल. तू नेहमीच माझ्यापेक्षा नीट बघायचीस.

आणि तू पुढे लिहितेस, “मला कळलं होतं आणि तरी मी विमानात बसले. थांबले असते तर मला नोकरी सोडावी लागली असती. भांडण झालं ते मला सोयीचं होतं.” हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. 

अकरा वर्षं मी समजत होते की तू चिडून गेलीस. आपण दोघींनी तिला सोडलं, मी घरात राहून आणि तू जाऊन. यावर आणखी काही लिहिण्यासारखं मला दिसत नाही. क्षमा मागायची ती आईची, आणि ते तुझं तू कर, माझं मी करते. तुझ्यावर माझा राग राहिलेला नाही. तुझा माझ्यावर असेल तर असू दे. पत्रं मात्र बंद करू नको.

आता दुसरं. शेवटच्या ओळीत तू लिहितेस, “मी दिवसभर बसून असते. कॅल्विन फार काळजी घेतो.” ती ओळ मला आवडली नाही.

तुझे गुडघे नवे आहेत, दोष मांड्यांत आहे. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण नर्सला ते पेशंटच्या बाबतीत ठाऊक असतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना विचार, म्हणावं मला जोराचे व्यायाम करायचेत, कुठपर्यंत करू. त्यांनी हो म्हटलं तर तिथल्या फिजिओथेरपिस्टसमोर सुरुवात कर. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, म्हणजे मागे सरकणार नाही. खाली उश्या घाल, जमेल त्या उंचीवरून उठ. पहिल्या आठवड्यात नुसतं उठ. वेग नंतर. मग उठताना झटकन, बसताना तीन मोजून. आठवड्यातून दोनच दिवस कर, मधे विश्रांती. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, त्याला घाबरू नको. सांधा दुखला तर थांब.

कॅल्विनला सांग, हाक मारली की लगेच येऊ नको. थोडा उशीर कर. हे त्याला जड जाईल. मायेने माणूस काय करतो ते मी केलं आहे, म्हणून सांगते.

माझं पाच वेळा उठणं आता अकरा सेकंदांत होतं. बॅप्टिस्टने टाळ्या वाजवायला लावल्या. मला ते आवडलं नाही, आणि आवडलंही.

तुझी,
आग्नेस


१६ नोव्हेंबर २००३

प्रिय लूर्डस,

छोटंसंच लिहिते, मटिल्डाची नात वसईला निघाली आहे, तिच्याकडे पत्र टाकायला देते.

डॉक्टरांनी परवानगी दिली हे वाचलं. चार उश्या लागल्या म्हणून रडू आलं, हेही वाचलं. लागू देत. इथे एका बाईंना पाच लागल्या होत्या. ऐंशीच्या आहेत. गेल्या रविवारी त्या वेदीजवळ जाऊन ख्रिस्तप्रसाद घेऊन, उभ्या राहून बायबलचं वाचनही करून आल्या. पूर्वी प्रसाद द्यायला फादर त्यांच्या बाकापर्यंत यायचे.

मटिल्डाला मी तुझं पत्र वाचून दाखवलं, आईबद्दलचं सोडून. मग विचार केला आणि तेही वाचलं.  ती म्हणाली, “दुपारी गाठ मीच बांधायचे.” मी म्हटलं, मी सांगायचे म्हणून. ती म्हणाली, “तरी हात माझे होते.” आम्ही दोघी संध्याकाळी आईच्या कबरीवर जाऊन आलो. चालत गेलो, चालत आलो.

कॅल्विनने फोन नंबर मागितला तो वेगळ्या चिठ्ठीवर पाकिटात घालते आहे. रविवारी संध्याकाळी सातला मी घरी असते. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते, असं त्याने लिहिलं होतं.

तुझी,
आग्नेस


१२ जानेवारी २००४

प्रिय लूर्डस,

काल फोनवर बोललो, तरी लिहिते. फोनवर मला नीट बोलता येत नाही. आणि काल माझ्या बाजूला काय झालं ते तुला माहीत नाही.

तू म्हणालीस, “दोन उश्यांवरून आता सलग चार वेळा होतं. आज कॅल्विनशिवाय उठून चालून बघते. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिलीय. तू फोन ठेवू नको.” मी म्हटलं, बरं. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. पहिल्यांदा तू परत बसलीस, ते मला श्वासावरून कळलं. मग पुन्हा करकरली आणि कॅल्विन इंग्रजीत काही बोलला. तू त्याला आपल्या बोलीत, घरच्या बोलीत, म्हणालीस की हात लावू नको. ती बोली तुझ्या तोंडून मी बारा वर्षांनी ऐकली.

त्यानंतर काही ऐकू येईना. मटिल्डा माझ्या शेजारी होती, खुणेने विचारत होती काय झालं म्हणून. मी तिला गप्प बसवलं. मी पडले होते तेव्हाचे चार तास मला आठवत होते आणि मला वाटत होतं की ओरडावं, कॅल्विन, धर तिला. ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही. माझ्या आयुष्यात न बोलणं इतकं कठीण कधी गेलं नाही.

मग लांबून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा तुझा आवाज आला. “दारापर्यंत आलेय. बर्फ पडलंय बाहेर. पांढरंधोप झालंय सगळं.”

तेवढ्या लांबून तुझं नीट ऐकू येत नव्हतं, आणि माझं तुला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तरी मी म्हटलं, बघ, सावकाश बघ. तू परत येऊन रिसीव्हर उचललास तेव्हा मी एवढंच म्हटलं की फोनचा आवाज खराब येतो. तसं काही नव्हतं. 

तू दारापर्यंत जाऊन परत येईस्तोवर मी इथे फोन धरून उभी होते. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी,
आग्नेस